पाटा वाढवायचा की वजन उतरवायचं?

आमच्याकडे ‘कॅम्पर’ म्हटलं की तीन निरनिराळ्या वस्तू समोर येतात. लग्नाच्या मांडवात ठेवलेला थंड पाण्याचा कॅम्पर, ही पहिली. दोन रांगा माणसं आणि मागे हौदा असलेली महिंद्राची बोलेरो कॅम्पर, ही दुसरी. जळगावच्या अजिंठा चौफुलीवर पाच मिनिटं उभं राहिलात तर दोन-तीन तरी दिसतील. तिसरी अलीकडे भाच्याच्या मोबाइलमध्ये दिसली. पिकअपच्या हौद्यावर बसवलेली एक खोली, तिच्यात पलंग, ओटा, खिडकीला पडदे, आणि मागे बर्फाचे डोंगर.

बर्फाचे डोंगर आमच्या नशिबी नाहीत. आमच्याकडे दिंडी आहे. मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून ज्येष्ठात निघणाऱ्या मुक्ताईच्या पालखीमागे आमच्या गल्लीची चाळीसेक माणसं चालतात. मलकापूर, मोताळा, बुलढाणा, जालना, बीड करत पंढरपूर, महिनाभराची वाट. मागून आमची दीड टनाची जुनी पिकअप येते. तिच्यात शिधा, सिलिंडर, पातेली, गोधड्या, तंबू. रात्री मुक्कामावर गाडी उभी राहिली की म्हाताऱ्या बायका हौद्यातच आडव्या होतात, कारण पावसात तंबूत झोपण्यापेक्षा ते बरं. म्हणजे कॅम्पर आम्ही कधीपासून वापरतोच आहोत, फक्त त्याला नाव नव्हतं आणि पडदे नव्हते.

मागच्या वर्षी जालन्याच्या अलीकडे मागचा डावा पाटा तुटला. ठोकमठोक करून पंढरपूर गाठलं. यंदा पुण्याला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने मनावर घेतलं. रजा काढून आला, हौद्यावर लोखंडी सांगाडा उभारला, आतून प्लाय, वरून पत्रा, खाली-वर मिळून सहा फळ्या झोपायला, आणि अगदी मागे तीनशे लिटरची पाण्याची टाकी. दिसायला देखणी झाली. पण टाकी भरली तेव्हा गाडी मागून अशी बसली, जशी म्हैस पाण्यात बसते.

म्हणून आम्ही धुळ्याला गेलो. जळगावहून नव्वदेक किलोमीटर. मुंबई-आग्रा आणि सुरत-कोलकाता हे दोन जुने महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, आणि जिथे असे रस्ते छेदतात तिथे पाट्याची दुकानं असतातच. आमचे अण्णा मिस्त्री तिथे चाळीस वर्षं पाटे बांधतात. मी त्यांना अण्णा म्हणतो, ते मला गुरुजी म्हणतात, आणि भाच्याला त्यांनी पहिल्या मिनिटापासून ‘साहेब’ केलं. त्यात थोडी थट्टा होती, ती त्यालाही कळली.

पुढचं बोलणं मी जसं ऐकलं तसं देतो. मध्ये मध्ये मी बोललो ते बहुतेक निरुपयोगी होतं, ते गाळलं आहे.

अण्णा : बठा गुरुजी. काय व्हयनं?

भाचा : अण्णा, काम सरळ आहे. दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवा. बाकीचे आठ मिलिमीटरचे आहेत, हा दहाचा टाका. शिवाय मी हवेच्या पिशव्या आणल्यात, त्या चासी आणि धुरीच्या मध्ये बसवायच्या. मागचे शॉकॲब्सॉर्बर नवे. झालं.

अण्णा : झालं म्हणता? मग माझ्याकडे कशाला आलात, वेल्डिंगवाल्याकडे जायचं. आधी सांगा, वजन किती?

भाचा : साधारण दीड टन असेल. तेवढी तर गाडीची ताकदच आहे.

अण्णा : ‘साधारण’ अन् ‘असेल’. साहेब, तुमच्या कारखान्यात असंच मोजतात का? टाकी भरा, सामान आहे तसं राहू द्या, आणि वजनकाट्यावर जाऊन या. एकदा पूर्ण गाडी, एकदा नुसती मागची चाकं. मग पाट्याला हात लावतो.

गेलो. आम्ही तिघं, ड्रायव्हर धरून, आणि अण्णांचा पोऱ्या. आरसी बुकात रिकाम्या गाडीचं वजन १,७०० किलो, भरून जास्तीत जास्त ३,२००. काट्याच्या चिठ्ठीवर आलं ३,३८०. त्यातलं मागच्या चाकांवर २,३५० आणि पुढच्या चाकांवर फक्त १,०३०. चिठ्ठी घेऊन परत येताना भाचा गप्प होता. खरं तर जादा १८० किलो म्हणजे काही आभाळ कोसळत नाही, असं मला वाटत होतं. त्याला मात्र पुढच्या चाकांचा आकडा खुपत होता.

भाचा : चूक माझी. टाकी मी धुरीच्या मागे बसवली. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर तीन मीटर, टाकी मागच्या धुरीच्या एक मीटर मागे. म्हणजे तीनशे किलो पाणी मागच्या धुरीवर तीनशेचं नाही, चारशेचं ओझं टाकतं. वरचं शंभर ते पुढच्या चाकांवरून उचलतं.

अण्णा : गणित मला येत नाही. पण पुढचं हलकं झालं की स्टेअरिंग हातात पिसासारखं लागतं, एवढं माहीत आहे. वळणावर गाडी सरळ जायला बघते. शिकलेला माणूस चूक लवकर कबूल करतो, हे चांगलं. आता पाट्याचं बोलू. तुम्ही दहाचा पाटा का म्हणालात?

भाचा : कारण ताठरपणा जाडीच्या घनावर वाढतो. आठचा दहा केला, म्हणजे जाडी सव्वापट, तर त्या एका पाट्याचा ताठरपणा जवळजवळ दुप्पट. एक पाटा घालून दोनचं काम.

अण्णा : अन् आधी कोणता तुटेल?

भाचा थांबला. मग हसला.

भाचा : तोच. जाडाच. सगळे पाटे एकाच मापाने वाकतात, पण जाडा जितका जाड तितका त्याच्या पृष्ठभागावर ताण जास्त.

अण्णा : मग पुस्तकात आहे हे! मी म्हणत होतो मलाच माहीत आहे. चाळीस वर्षं बघतो. वाळूवाले येतात, म्हणतात, अण्णा, जाडा टाका. टाकतो. पैसे दिले की टाकावाच लागतो. तीन महिन्यांनी तोच जाडा तुटून येतो, खालचे बारीक शाबूत. मग मला शिव्या.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. पाट्याचा गठ्ठा दिसतो साधा: लांबीने कमी कमी होत जाणाऱ्या पोलादी पट्ट्या एकावर एक, मधून एक सेंटर बोल्ट, धुरीला यू-बोल्टने आवळलेल्या, एक टोक पिनेवर आणि दुसरं शॅकलवर झुलतं, म्हणजे गाडी दबली की पाट्याला लांब व्हायला जागा मिळते. आपल्याकडे बैलगाडीला पाटे नव्हते, टांग्याला होते. इंग्लंडात ऑबडाया इलियट नावाच्या माणसाने घोडागाडीच्या अशा पाट्यांचं पेटंट १८०४ मध्ये घेतलं. दोनशे वर्षांत इंजिन बदललं, गिअर बदलले, पण आमच्या पिकअपच्या मागे अजून तीच वस्तू आहे. कारण ती एकाच वेळी तीन कामं करते. भार उचलते, धुरीला जागेवर धरते, आणि पट्ट्या एकमेकींवर घासल्याने उसळी थोडी जिरवते. हे तिसरं काम लोकांना माहीत नसतं, म्हणून कोणी कुरकुर आवाज बंद करायला पाट्यांत ऑइल ओतलं की अण्णा चिडतात.

अण्णा : आता मी सांगतो माझ्या भाषेत. केळीचा पाटा वेगळा, कापसाचा वेगळा, वाळूचा वेगळा. रावेर-यावलची केळी दिल्लीकडे जाते, तिला कडक पाटा चालत नाही. मालच काळा पडतो, व्यापारी भाव पाडतो. कापूस हलका पण डोंगराएवढा उंच, तिथे डुलणं वाईट. वाळूवाल्याला कशाचंच काही नाही, त्याला फक्त टेकू पाहिजे. तुमचं हे घर कशात बसतं?

भाचा : कापसात. उंच आहे, डुलतं.

अण्णा : नाही. एक फरक आहे. केळीचा ट्रक भरून जातो अन् पुष्कळदा रिकामा नाहीतर हलका येतो. पाट्याला विसावा मिळतो. तुमचं घर उतरतच नाही. रात्री झोपेतही पाटा दबलेलाच. असा पाटा बसतो साहेब, तुटत नाही, बसतो. त्याची कमान जाते.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, आणि गाडीवर घर बांधायला निघालेल्यांपैकी थोड्याच जणांच्या तो डोक्यात येतो. माल ही पाहुण्यासारखी गोष्ट आहे. घर म्हणजे घरजावई.

भाचा : म्हणूनच तर हवेच्या पिशव्या! पाटा कायमचा कडक करण्यापेक्षा हे बरं. वारीत हवा भरा, एरवी कमी करा. रिकामी गाडी उडत नाही.

अण्णा : हवा गेली तर? जालन्याच्या पुढे, रात्री, पावसात?

भाचा : गेली तर पाटा आहेच. पिशवी मदतनीस आहे, मालक नाही. तुमच्या हेल्पर पाट्यासारखीच. वजन आलं की कामाला लागते. उलट दहाचा पाटा तुटला तर पट्टी टायरला लागेल. आणि दोन्ही पिशव्यांची नळी वेगवेगळी ठेवणार आहे. एकच नळी ठेवली तर वळणावर एका बाजूची हवा दुसरीकडे पळते अन् गाडी जास्तच कलते.

अण्णा : हे मला माहीत नव्हतं. बरं सांगितलंत. इथे एका रुग्णवाहिकेला एकाच नळीवर बसवलेलं बघितलं होतं, ड्रायव्हर म्हणायचा होडीसारखी डुलते. आम्ही शॉकॲब्सॉर्बर बदलत बसलो.

अण्णा असं सहज म्हणाले, पण ‘मला माहीत नव्हतं’ हे वाक्य गॅरेजमध्ये मी फार वेळा ऐकलेलं नाही. त्यानंतर दोघांचा सूर बदलला. साहेबाचा ‘भाऊ’ झाला. भांडण मात्र संपलं नाही.

भाचा : मग पिशव्या बसवायच्या ना?

अण्णा : भाऊ, जरा गाडीखाली ये.

दोघं खाली गेले. मीही वाकलो, पाठ दुखत असताना. मागच्या धुरीपासून चासीकडे एक बारीक दांडी जात होती, तिच्या टोकाला मुठीएवढा व्हॉल्व्ह.

अण्णा : ही दांडी बघितली?

भाचा : ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. गाडी दबली की दांडी वळते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब जातो. गाडी रिकामी असली की कमी, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल.

अण्णा : बरोबर. आता पाटा वाढव, नाहीतर तुझी पिशवी फुगव. मागून गाडी वर आली. या दांडीला काय वाटेल?

बराच वेळ भाचा गाडीखालून बाहेर आला नाही.

भाचा : तिला वाटेल गाडी रिकामी आहे.

अण्णा : अन् गाडी असेल तीन टनांवर. पुढे राजूर घाट. मागचे ब्रेक निम्मेच लागतील, सगळा भार पुढच्यांवर. लोक माझ्याकडे येतात, म्हणतात अण्णा, पाटे नवे टाकले पण ब्रेक लांब लागतात. मी दांडी बघतो. कोणी ती तारेने बांधून ठेवलेली असते, कोणी काढूनच टाकलेली.

माझ्या डोळ्यांपुढे पळासनेर आलं. ४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यातल्या त्या गावात, मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ, ब्रेक निकामी झालेला ट्रक उतारावरून गाड्यांना धडकत हॉटेलात घुसला होता. त्याचा पाट्यांशी काही संबंध होता असं मी म्हणत नाही. पण धुळ्यात त्या दिवसानंतर ब्रेकवर बोलताना माणसं आवाज खाली आणतात.

भाचा : दांडी पुन्हा जुळवता येते. नव्या उंचीला दुरुस्त लांबी देऊन.

अण्णा : येते. पण तुझी हवा रोज वेगळी. आज चार, उद्या दोन. दांडी रोज जुळवशील?

भाचा : ...नाही.

अण्णा : मग पाटा असो की पिशवी, दोघांनी गाडीची पाठ वर येते, ताकद वाढत नाही. धुरी तीच, बेअरिंग तेच, टायर तेच, ड्रम तेच. पाटा म्हणजे कमरेचा पट्टा. आवळला म्हणून पोट कमी होत नाही.

भाच्याने हार मानली असं मात्र नाही. त्याने उलटा डाव टाकला, आणि मला तो पटला.

भाचा : अण्णा, हे तुम्ही मला सांगता. पण चाळीस वर्षं जाडे पाटे टाकले कोणी? सरकारने जुलै २०१८ मध्ये ट्रकच्या धुरीची मर्यादा वाढवली, चार टायरच्या एका धुरीला १०.२ टनांवरून ११.५. त्याच्यावरही लोक आणखी दोन टन भरतात, आणि ते भरता यावेत म्हणून पाटे तुमच्यासारखे मिस्त्री वाढवून देतात. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या शेवटी मुद्दाम रस्ते बांधून, त्यांच्यावर ट्रक फिरवून चाचणी घेतली होती. निघालं असं, की रस्त्याला बसणारा मार धुरीवरच्या भाराच्या चौथ्या घातावर वाढतो. कायद्याने वाढवलेल्या सव्वा टनानेच तो दीडपटीच्या वर जातो. बेकायदा भाराचं तर विचारूच नका. मग रस्ता खचतो, खड्ड्यात पाटा तुटतो, आणि ट्रक पुन्हा तुमच्या दारात.

अण्णा : माझं पोट त्याच खड्ड्यावर आहे, हे म्हणायचं आहे ना तुला?

भाचा : तसं नाही...

अण्णा : तसंच आहे. म्हण. फागणे ते तरसोद रस्ता वर्षानुवर्षं उखडलेला होता, तेव्हा माझ्याकडे रात्री अकरापर्यंत दिवा. चौपदरी झाला अन् काम कमी झालं. मी काय रडलो? पण गिऱ्हाईक दाराशी येऊन टाका म्हणालं तर मी नाही म्हणणार आणि शेजारचा टाकणार. तू कायदा सांगशील, कायदा मला ठाऊक आहे.

भाचा : जादा वजनाला वीस हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि माल तिथेच उतरवायचा.

अण्णा : तो दंड ट्रकवाल्याला. मिस्त्रीला कोणी विचारत नाही. विचारायला पाहिजे, हे मी तुला म्हणतो, बाहेर म्हणणार नाही.

बाहेर म्हणणार नाही म्हणालेलं मी इथे छापतोय, त्याबद्दल अण्णांनी क्षमा करावी. नाव दिलेलं नाही.

कायद्याचा विषय निघालाच होता म्हणून भाच्याने आणखी एक सांगितलं, आणि हे वाचकांनी लक्षात ठेवावं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीत जे लिहिलं आहे ते परस्पर बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गाडीच्या मूळ बांधणीत मनमानी फेरफार चालणार नाही असं स्पष्ट केलं. राहण्याच्या गाडीला एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, आणि राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. तो सरळ मार्ग आहे, खर्चाचा आहे, आणि गल्लीच्या वर्गणीत बसणारा नाही. कायमची खोली बांधायची तर तोच घ्यावा लागेल. मालवाहू गाडीच्या हौद्यात चालत्या गाडीत माणसं बसवायची नाहीत हे तर आहेच. आमच्या म्हाताऱ्या फक्त उभ्या गाडीत झोपतात, पण खरं सांगायचं तर घाटात पाऊस आला की ‘दोन किलोमीटरच’ म्हणून चढतातही. यंदा चढू देणार नाही असं मी कबूल केलं आहे.

अण्णा : म्हणून म्हणतो, खोली कायमची करू नकोस. उतरवता येईल असा हलका सांगाडा कर. वारीचा महिना झाला की काढून ठेव. पाट्यालाही विसावा, तुझ्या कायद्यालाही.

भाचा : दरवर्षी काढ-घाल कोण करणार? सांधे सैल होतील, पाणी गळेल. मला ते पटत नाही.

अण्णा : नाही पटलं तर नाही. गाडी तुमची.

या एका गोष्टीवर दोघांचं शेवटपर्यंत जुळलं नाही. भाचा अजूनही म्हणतो की नीट नोंदणी करून कायमची खोलीच करावी. मी अण्णांच्या बाजूचा आहे, कारण उरलेले अकरा महिने ती गाडी खत आणि बियाणं वाहते.

मग काम सुरू झालं, आणि चाळीस वर्षांचा हात कसा चालतो ते बघायला मिळालं. आधी जॅक, मग चासीखाली घोड्या. जॅकच्या भरवशावर अण्णा कधी गाडीखाली जात नाहीत. गठ्ठा सोडवल्यावर कळलं की खरं दुखणं वेगळंच होतं. मागच्या वर्षी रस्त्यावर घातलेला पाटा बाकीच्यांच्या कमानीचा नव्हता, त्यामुळे मध्ये फट राहून सगळा भार दोन-तीन पट्ट्यांवर येत होता. सेंटर बोल्ट झिजून अर्धा झालेला. शॅकलचे बुश अंडाकृती. गाडी बसली होती ती निम्मी वजनाने आणि निम्मी या ढिलाईने. पाटा वाढवला असता तर हे सगळं त्याच्याखाली झाकून गेलं असतं.

भाच्याने विचारलं, जुन्याच पाट्यांना भट्टीत घालून कमान चढवता येणार नाही का? अण्णा म्हणाले, येते, पुष्कळ करतात, पण पाटा लाल करून नुसता वाकवला आणि हवेत टाकला तर तो पाटा राहत नाही, पट्टी होते. लाल करायचा, तेलात विझवायचा, पुन्हा बेताच्या आचेवर उतरवायचा, एवढं सगळं नीट झालं तर ठीक. ‘माझ्याकडे ती आच मोजायचं साधन नाही,’ असं म्हणून त्यांनी दोन पाटे नवे मागवले, कंपनीच्याच मापाचे, आठ मिलिमीटरचे. संख्या तेवढीच ठेवली.

टाकी भाच्याने स्वतः सोडवली. तीनशेची काढून शंभर लिटरची घेतली आणि केबिनच्या पाठीला लावली. मुक्कामाच्या गावात नळ असतो, टँकर असतो, दोनशे किलो पाणी पंढरपूरपर्यंत कशाला फिरवायचं? वरचा लोखंडी सांगाडा निम्मा कापून तिथे ताडपत्री आली. वरच्या तीन फळ्या गेल्या, गाडीचं डुलणंही त्यांच्याबरोबर गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काटा केला: एकूण ३,०६०. मागच्या चाकांवर १,९१०, पुढच्या चाकांवर १,१५०. ब्रेकची दांडी कंपनीच्या मापाला जुळवली. हवेच्या पिशव्या खोक्यातच परत पुण्याला गेल्या.

अण्णांच्या बिलात दोन पाटे, आठ बुश, चार पिना, दोन सेंटर बोल्ट, चार यू-बोल्ट आणि मजुरी. सल्ल्याचे पैसे त्यांनी लावले नाहीत, भाच्याने नळीची गोष्ट सांगितली त्यात ते फिटले म्हणाले. निघताना एकच बजावलं: नवे यू-बोल्ट दोनशे किलोमीटरने सैलावतात, तेव्हा पुन्हा कसायचे. धुळ्यापासून मोजलं तर दोनशे किलोमीटर मलकापूरच्या पुढे भरतात, मोताळ्याच्या आसपास, राजूर घाट लागायच्या आधी. पाना ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवला आहे.